बाबांच्या महाधमनीचा फुगवटा: कॉइल, बेल-बॉटम की फांदीवाला स्टेंट?

पेठकर_धाकटा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. पण गेले बारा दिवस घरात एकच विषय चालू आहे आणि आता चार बाहेरच्या लोकांना विचारल्याशिवाय राहवत नाही.

बाबा ७३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. लघवीची तक्रार म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफी करायला गेलो, तर मॅडम प्रोस्टेट सोडून भलतीकडेच प्रोब फिरवत बसल्या. रिपोर्टात आलं की पोटातली महाधमनी ५.७ सेंमी. ती साधारण २ सेंमीच्या आसपास असायला हवी म्हणे. मग सीटी अँजिओ, म्हणजे रक्तनळ्यांचं सीटी स्कॅन. त्यात कळलं की फुगवटा खालीही उतरलाय. महाधमनीच्या पायांकडे जाणाऱ्या दोन फांद्यांपैकी उजवी (कॉमन इलियाक) ४.१ सेंमी, डावी २.२. बाबांचं पोट कधी दुखलेलं नाही. रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात, निम्म्यात एकदा थांबून शहराकडे बघतात (दृश्य छान दिसतं म्हणून), वर दहा मिनिटं बसतात, उतरून चहा. विडी २००४ साली सोडली.

दोन सर्जनना दाखवलं. दोघंही म्हणतात ऑपरेशन हवंच, आणि ते जांघेतून नळी घालून करता येईल, ज्याला ईव्हार म्हणतात. आतून एक कापडी नळी बसवतात, तो ग्राफ्ट. डाव्या बाजूला बेल-बॉटम बसवायचा यावरही एकमत. भांडण उजवीवर. पहिले म्हणतात, तिथली ओटीपोटाकडे जाणारी नळी (इंटर्नल इलियाक) कॉइल, म्हणजे धातूच्या तारेचं वेटोळं, घालून बंद करू आणि ग्राफ्टचा पाय पायाकडे जाणाऱ्या एक्स्टर्नलमध्ये उतरवू. वर्षानुवर्षं असंच करत आलोय. दुसरे म्हणतात, इंटर्नल बंद करू नका, फांदीवाला ग्राफ्ट बसवू. दोन एस्टिमेटांत जवळपास चार लाखांचा फरक. बाबांची पॉलिसी पाच लाखांची, ती कुठल्याही मार्गाने गेलं तरी संपणारच आहे. मेहुण्याचं म्हणणं तिसरंच: पोट उघडून एकदाच काय ते करून टाका.

कोणाच्या घरी हे झालंय का? कॉइल केलेल्यांना पुढे चालताना खरंच त्रास होतो का?

मिसळ_विदाउट_तर्री
शुभेच्छा. ७३ व्या वर्षी १०३ पायऱ्या! मी ४१ चा आहे आणि पर्वतीच्या पायथ्याशी उभा राहून रिक्षा शोधतो.

सुलूताई
धाकटे पेठकर, आमच्या थोरल्या बंधूंचं सहा वर्षांपूर्वी झालं. उजव्या बाजूलाच कॉइल. ऑपरेशन अगदी छान, चौथ्या दिवशी घरी. महिन्याभराने चालायला लागला तर दोनशे पावलांवर उजव्या कुल्ल्यात गोळा यायचा. उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जायचा, पुन्हा चाललं की पुन्हा हजर. लक्ष्मी रोडवर खरेदीला घेऊन गेलं की दर तिसऱ्या दुकानापुढे हा थांबणार. वहिनीला वाटायचं, साड्या बघायचा कंटाळा येतो म्हणून नाटक करतोय.

कोणीतरी सायटिका सांगितलं. मणक्याचा एमआरआय झाला, त्यात काहीतरी निघतंच या वयात. तीन महिने कमरेचे व्यायाम केले, शेकलं, तेल चोळलं. शेवटी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "हो, हे होतं. आम्ही बंद केलेल्या नळीचं आहे." अहो, मग आधी सांगायचं ना! फॉर्मवर होतं म्हणे लिहिलेलं.

आता बराच फरक आहे. संभाजी पार्कला एक फेरी न थांबता होते, दुसरीला थांबतो. फुगवटा आक्रसला, ते मात्र खरं. त्यामुळे कॉइल वाईट असं मी म्हणणार नाही. फक्त आधी माहीत असतं तर एमआरआयचे पैसे वाचले असते.

रिटायर्ड_फिटर
मी स्वतः गिऱ्हाईक. २००९ ला पोट उघडून झालं. छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत टाके, अकरा दिवस दवाखान्यात, तीन महिने ढेकर आली तरी पोटावर हात. पण त्यानंतर आजतागायत कोणी मला सीटीला बोलावलं नाही. तुमच्या मेहुण्याच्या बोलण्यात अर्थ आहे.

बाकी नळकामवाल्याच्या भाषेत सांगतो. जुना पाइप फुगला. बदलायचा नसेल तर आतून नवा पाइप सरकवायचा आणि दोन्ही टोकं चांगल्या भागावर घट्ट बसवायची. वरचं टोक मूत्रपिंडांच्या नळ्यांच्या खाली बसतं. खालचं टोक बसवायला चांगला भागच उरला नसेल तर पुढच्या पाइपात जावं लागतं, आणि मधे जी टी निघते ती बुजवावी लागते. ती टी म्हणजे तुमची इंटर्नल. कॉइलवाले टी बुजवतात, फांदीवाले टीला नवी टी बसवतात. बेल-बॉटम म्हणजे टोक फ्लेअर केलेला पाइप, जरा मोठ्या व्यासातही घट्ट बसतो. बास.

मिसळ_विदाउट_तर्री
बेल-बॉटम हे खरंच तांत्रिक नाव आहे?? मला वाटलं धाग्याच्या शीर्षकात गंमत केलीय.

शिशाचा_एप्रन
खरंच आहे. मी कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, १७ वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या सर्जनांचाच. पण रोज हेच बघतो म्हणून लिहितो.

महाधमनी बेंबीच्या सुमारास दोन कॉमन इलियाकमध्ये फाटते. प्रत्येक कॉमन पुढे पुन्हा फाटते. एक्स्टर्नल सरळ पायाकडे जाते. इंटर्नल ओटीपोटात वळते आणि कुल्ल्याचे स्नायू, मूत्राशय, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक आणि पुरुषांच्या बाबतीत जे काही असतं त्याला रक्त देते. सुलूताईंच्या बंधूंना झालं ते स्नायूंचं. प्रकाशित अभ्यासांत एका बाजूची इंटर्नल बंद केल्यावर साधारण तीन-चार जणांत एकाला हा त्रास झालेला दिसतो. बऱ्याच जणांचा काही महिन्यांत कमी होतो, कारण आजूबाजूच्या नळ्या मोठ्या होतात. दुसरा त्रास लैंगिक. तो विचारायला पेशंट लाजतात आणि सांगायला डॉक्टर विसरतात. ७३ व्या वर्षी तो प्रश्न नाहीच असं मुलाने परस्पर धरून चालू नये, एवढंच म्हणतो.

आता बेल-बॉटम. ग्राफ्टचा पाय खाली घंटेसारखा रुंद असतो, बाजारात २८ मिमीपर्यंत मिळतो. धमनीपेक्षा तो थोडा मोठाच घ्यावा लागतो, म्हणून कॉमन इलियाक साधारण २४-२५ मिमीपर्यंत असेल तरच चालतो. तुमची डावी २२, म्हणून तिथे एकमत. उजवी ४१, तिथे प्रश्नच नाही. बेल-बॉटम स्वस्त, झटपट, इंटर्नल शाबूत. खोट एकच: आपण आधीच फुगलेल्या भिंतीवर टेकलोय. ती पुढे आणखी रुंदावली तर खालून गळती सुरू होते, तिला टाइप १बी म्हणतात. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.

फांदीवाल्यात, म्हणजे आयबीडीत, कॉमनमध्ये एक वेगळा तुकडा बसतो. त्याला बाजूला छोटं तोंड असतं, त्यातून दुसरा छोटा स्टेंट इंटर्नलमध्ये जातो. दोन्ही रस्ते चालू. बहुतेकांची फांदी कित्येक वर्षं उघडी राहते. पण वेळ जास्त, रंग (एक्स-रेत नळ्या दिसाव्यात म्हणून टोचतात तो) जास्त, एक्स-रे जास्त, पैसे जास्त. आणि सगळ्यांना बसत नाही. गोअर कंपनीच्या आयबीई या फांदीवाल्या ग्राफ्टचं उदाहरण घ्या. त्याला इंटर्नल ६.५ ते १३.५ मिमी असावी लागते, आणि मूत्रपिंडाच्या खालच्या नळीपासून इलियाकच्या फाट्यापर्यंत किमान १६५ मिमी लांबी लागते. इंटर्नल स्वतःच फुगलेली असेल तर गणित अवघड.

चौथा एक प्रकार आहे, सँडविच. दोन बारीक ग्राफ्ट शेजारी-शेजारी एकाच पायात घालायचे, एक इंटर्नलला, एक एक्स्टर्नलला. वेगळं उपकरण मागवावं लागत नाही, पण दोन गोल नळ्यांमधल्या फटीतून गळायची भीती असते.

आणि धाकटे पेठकर, दोन प्रश्न. एक: डावीकडची इंटर्नल चालू आहे का? रिपोर्टात बघा. दोन: बाबा निम्म्यात थांबतात ते खरंच दृश्यासाठी?

वाड्यातला_बाळू
म्हणजे विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रोड. बंद असतो, पण लोक कुमठेकर, केळकर रस्त्याने घरी पोचतातच की. पहिल्या वर्षी बोंब, मग सवय.

शिशाचा_एप्रन
@बाळू, उपमा इतकी चपखल आहे की पुढे ओढतो. गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड लावलं तर आतले रहिवासी मागच्या बोळांतून ये-जा करतात. पण गल्लीच्या आत, जिथे बोळ एकमेकांना मिळतात त्या चौकातच बॅरिकेड लावलं तर सगळे अडकले. कॉइलचंही तेच. इंटर्नलच्या तोंडाजवळ, मुख्य खोडात ठेवली तर पुढच्या फांद्या एकमेकींना रक्त देतात. फार आत फांद्यांपर्यंत गेली तर त्रास वाढतो. म्हणून कॉइल करायची ठरलीच तर "कुठे ठेवणार?" हे जरूर विचारा. हल्ली कॉइलच्या जागी प्लगही वापरतात, तो एका जागी नेमका बसतो.

वाड्यातला_बाळू
आणि बॅरिकेड लावलंच नाही, नुसता नवा पाइप वरून नेला तर?

शिशाचा_एप्रन
मग मागच्या बोळांतून रक्त उलटं येऊन फुगवट्यात शिरतं. ती टाइप २ गळती. म्हणून बुजवायची.

निसर्गोपचारी
इतकं कापाकापीचं का बघताय? माझ्या आजोबांना अर्जुनाच्या सालीचा काढा चालू होता, हृदय शेवटपर्यंत ठणठणीत. सहा महिने देऊन बघा, मग सोनोग्राफी करा. नुकसान तर काही नाही.

रिटायर्ड_फिटर
नुकसान आहे. सहा महिन्यांत फुटली तर सोनोग्राफी कोणाची करणार?

निसर्गोपचारी
भीती घालणं हाच धंदा झालाय.

आकडेमोड
भीती नाही हो, उंबरठा आहे. पुरुषांत ५.५ सेंमीच्या खाली नुसतं लक्ष ठेवणं सुरक्षित, हे परदेशांतल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे 'थांबा' हे सुद्धा शास्त्रच सांगतं, फक्त आकडा बघून सांगतं. इलियाकसाठी २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ३.५ सेंमीच्या पुढे विचार करा असं होतं. पेठकरांचे वडील दोन्ही रेषांच्या पलीकडे आहेत. फुटल्यावर बरेच जण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. काढा जरूर घ्या, ऑपरेशननंतर.

आता मेहुण्याच्या मुद्द्यावर. ब्रिटनमध्ये ईव्हार-१ नावाची चाचणी झाली, १९९९ ते २००४ मध्ये बाराशेच्या वर पेशंट घेतले. ३० दिवसांतले मृत्यू ईव्हारमध्ये १.८ टक्के, पोट उघडून ४.३ टक्के. इथपर्यंत ईव्हार जिंकलं. पण पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ साली छापून आला, त्यात आठ वर्षांनंतर पारडं फिरलेलं दिसतं: ईव्हारवाल्यांत ऑपरेशननंतरही फुगवटा फुटून मृत्यू जास्त. म्हणूनच उपचारांच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० मध्ये, झेपणाऱ्या पेशंटला आधी उघडं ऑपरेशन सुचवा, अशी भूमिका घेतली. त्यावर तिथले डॉक्टर अजून भांडतात, कारण त्या चाचणीतले ग्राफ्ट जुन्या पिढीचे होते.

त्यामुळे फिटरकाका आणि मेहुणा अडाणी नाहीत. ६० च्या माणसाला मी वेगळा सल्ला दिला असता. ७३ ला हृदय, फुप्फुस, किडनी काय म्हणतात त्यावर आहे.

कॉफी_आणि_कंटाळा
"फुटल्यावर पोचतच नाहीत" असं एका मुलाला सांगायची पद्धत असते काहीतरी.

आकडेमोड
चुकलं. शब्द मऊ हवे होते. आकडे तसेच राहू देतो.

शिंप्याची_पोर
अवांतर आहे, पण बेल-बॉटमवरून आठवलं म्हणून लिहिते. कापडी धमनीची सुरुवात खरंच शिवणकामातून झाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनला डीबेकी नावाचे सर्जन होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलं होतं, म्हणून डेक्रॉन घेतलं, आणि घरी बायकोच्या शिलाई मशिनवर पहिली नळी शिवली. आई लहानपणी त्यांना शिवण शिकवायची. आजही बऱ्याच ग्राफ्टचं कापड त्याच जातीचं, पॉलिएस्टर. आमचे वडील हे ऐकून इतके खूश झाले की दोन दिवस गिऱ्हाइकांना सांगत होते.

मिसळ_विदाउट_तर्री
म्हणजे फिटरकाकांच्या पोटात टेरिकॉटचा पँटपीस आहे.

रिटायर्ड_फिटर
आहे. इस्त्री लागत नाही.

कॉफी_आणि_कंटाळा
अवांतरात माझी भर. आइनस्टाइनला हेच होतं. १९४८ साली निसेन या सर्जनने त्याच्या महाधमनीभोवती सेलोफेन गुंडाळलं, म्हणजे बाहेरून आवरण, भिंत घट्ट व्हावी म्हणून. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. त्यावर तो सहा वर्षांहून जास्त जगला. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला तेव्हा त्याने ऑपरेशनला नकार दिला. आणि आतून ग्राफ्ट घालायची सुरुवात ब्युनोस आयर्सच्या पारोदींची, १९९० मध्ये. थोडं आधी खारकीव्हमध्ये वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत तसंच केलं होतं, पण तिकडची बातमी इकडे पोचायला फार वर्षं गेली.

औषधीवाला_अप्पा
सगळे ग्राफ्टवर बोलतायत, मी माझ्या काउंटरवरचं बोलतो. पेठकर, बाबांना लघवीची तक्रार आहे म्हणालात. त्यासाठी सिप्रो, लिव्हो, ओफ्लॉक्स, नॉरफ्लॉक्स यांतलं काही चालू आहे का? २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिलाय की महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना या गटातलं प्रतिजैविक, दुसरा पर्याय असेल तर, देऊ नये. फुगवटा फाटायचा धोका वाढतो. आपल्याकडे लघवीत जळजळ म्हटलं की माणूस चिठ्ठीशिवाय हीच पाकिटं मागतो. तुमच्या फॅमिली डॉक्टरला विचारून घ्या, स्वतःहून बंद-चालू करू नका.

पेठकर_धाकटा
अप्पा, तुमचा प्रतिसाद वाचून डबा उघडला. लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या दहापैकी चार गोळ्या संपलेल्या. ती चिठ्ठी सोनोग्राफीच्या आधीची. फोन केला, डॉक्टरांनी लगेच बदलून दिली आणि म्हणाले बरं झालं विचारलंत. तुम्हाला आमच्याकडून बाकरवडी लागू.

सगळ्यांचे आभार, निसर्गोपचारींचेही. सुलूताई, तुमच्या बंधूंचं वाचून आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते लिहीत नाही.

औषधीवाला_अप्पा
बाकरवडी चालेल. बीपीची गोळी चुकवू देऊ नका, त्याचे पैसे मी घेईन.

कट_प्रॅक्टिस_विरोधक
चार लाखांच्या फरकात कोणाचा वाटा किती, हे कोणी विचारणार आहे का? फांदी म्हणे! उद्या पानं-फुलंही लावतील.

शिशाचा_एप्रन
शंका रास्त आहे, विचारायलाच हवं. इम्प्लांटचं वेगळं बिल मागा, त्याच्यावर स्टिकर आणि सिरियल नंबर असतो, तो फाइलला लावून घ्या. पण माझ्या अनुभवात उलटंही दिसलंय. फांदीचं काम येत नसेल, किंवा वर्षाला दोनच होत असतील, तरी कॉइलच सगळ्यात चांगली असं पेशंटला सांगितलं जातं. दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: हे तुम्ही स्वतः किती केलेत? जो आकडा न अडखळता सांगतो त्याच्याकडे मी जाईन.

पेठकर, माझ्या दोन प्रश्नांचं काय झालं?

सुलूताई
हो, तेच म्हणणार होते. पहिल्या पानापासून ते विचारतायत आणि आपण पँटपीसवर.

पेठकर_धाकटा
माफ करा, ते खरंच राहून गेलं. बाबांना विचारलं, मधे का थांबता? म्हणाले, "अरे, दृश्य." मी म्हटलं, बाबा, खरं सांगा. गप्प. मग आईच म्हणाली, "डाव्या बाजूला ओढतं त्यांना. मला सांगू नकोस म्हणाले होते." दोन वर्षं! डाव्या कुल्ल्यात, पन्नास-साठ पायऱ्यांनंतर. थांबलं की जातं.

रिपोर्ट पुन्हा काढला. तिसऱ्या पानावर, मूत्रपिंडातल्या एका निरुपद्रवी गाठीच्या वर्णनाखाली एक ओळ आहे. डावी इंटर्नल इलियाक उगमापाशी बंद, पुढे शेजारच्या नळ्यांमधून भरते. दोन्ही सर्जननी सीडी बघितली असेलच, पण आमच्याशी बोलताना याचा उल्लेख कोणीच केला नव्हता. याचा अर्थ काय होतो?

शिशाचा_एप्रन
याचा अर्थ बाबांच्या ओटीपोटाकडे मुख्यतः उजवीच्याच भरवशावर रक्त जातंय, आणि तीच बंद करायचं चाललंय. दोन्हीकडची बंद झाली तर चालण्याचा त्रास जास्त होतो, आणि क्वचित मोठ्या आतड्याचं टोक किंवा मज्जारज्जू यांनाही रक्त कमी पडू शकतं. त्यात ग्राफ्ट बसला की महाधमनीवरून मोठ्या आतड्याला जाणाऱ्या नळीचं तोंडही झाकलं जातं. पहिल्या डॉक्टरांकडे परत जा. भांडायला नाही, ती ओळ दाखवायला. शक्यता आहे की ते स्वतःच मत बदलतील. उजवी इंटर्नल किती मिमी आहे तेही विचारा.

वाड्यातला_बाळू
कुमठेकर आधीच खोदून ठेवलाय आणि आता लक्ष्मी रोड बंद करणार. अस्सल पुणे.

कट_प्रॅक्टिस_विरोधक
ठीक आहे. या केसपुरता फांदीला पाठिंबा.

पेठकर_धाकटा
तीन दिवसांनी लिहितोय. पहिल्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली, सीडी पुन्हा लावली, पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग उजवी ठेवायलाच हवी. मी फांदीची मोजकीच कामं केलीत, तुम्ही त्यांच्याकडेच करा." त्यांच्याविषयी आदर वाढला. उजवी इंटर्नल ९ मिमी, लांबीही पुरेशी. पोट उघडण्याबद्दल दोघांनाही विचारलं. टूडी इकोत हृदयाचं पंपिंग ४० टक्केच निघालं, म्हणजे कमी, त्यामुळे मेहुण्याने स्वतःहून माघार घेतली.

पैशाचं: टीपीएने (विम्याचे दावे तपासणारी मधली कंपनी) फांदीचा तुकडा "अतिरिक्त उपकरण" म्हणून नाकारला होता. दुसऱ्या सर्जननी डावी बंद असल्याचा उल्लेख करून पत्र दिलं, ते जोडल्यावर मान्य झाला. मर्यादा पाचचीच, वरचे आम्ही भरतोय. आईने एफडी मोडली, आणि बाबा निवृत्त बँकवाले असल्यामुळे मुदतीआधी मोडल्याचं दंडव्याज किती गेलं ते रोज सांगतात.

आकडेमोड
क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघून घ्या. फांदीच्या कामात रंग जास्त जातो. आधी आणि नंतर पाणी व्यवस्थित, पण पंपिंग ४० असेल तर किती ते डॉक्टरच ठरवतील. आणि बाबांना भाऊ असतील तर त्यांच्या पोटाची एक सोनोग्राफी करून टाका, हे घराण्यात चालतं. तुम्हीही पुढे कधीतरी. इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी या एका सोनोग्राफीसाठी बोलावून घेतात. आपल्याकडे प्रोस्टेट कृपेनेच सापडतं.

पेठकर_धाकटा
धागा वर काढतोय. ऑपरेशनला सात आठवडे झाले.

साडेचार तास लागले. दोन्ही जांघांत पाव इंचाच्या खुणा, टाके आतल्या आत. उजवीकडे फांदी, डावीकडे फिटरकाकांचं फ्लेअर. पहिली रात्र आयसीयूत, पाचव्या दिवशी घरी. क्रिएटिनिन १.३ वरून १.७ वर गेलं होतं, दहा दिवसांत १.४ वर आलं. वॉर्डातल्या मामांनी दिलेल्या चहाबद्दल बाबांनी डिस्चार्जच्या फीडबॅक फॉर्मवर पाठपोट लिहिलं.

महिन्याच्या सीटीत फांदी उघडी, फुगवटा ५.७ चाच. पाठीकडच्या एका बारीक नळीतून थोडी टाइप २ गळती दिसते. डॉक्टर म्हणाले, ही बहुतेकदा आपोआप बंद होते, फुगवटा वाढत नाही ना तेवढं बघत राहू. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, मग दर वर्षी, जन्मभर. फिटरकाका हे ऐकून हसणार.

काका (बाबांचे धाकटे भाऊ, नाशिकला) यांची सोनोग्राफी केली. ३.४ सेंमी. आता त्यांनी तंबाखू सोडलीय, निदान काकूंसमोर.

गेल्या सोमवारपासून पर्वती चालू, निम्म्यापर्यंतच परवानगी. उजव्या बाजूला काही नाही. डावीकडे पूर्वीसारखंच ओढतं, ते या ऑपरेशनने जाणार नव्हतंच. त्याच पायरीवर थांबतात. परवा मी बरोबर होतो. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "दुखतंय. बस दोन मिनिटं."

सुलूताई
थोरल्या बंधूंना वाचून दाखवलं. म्हणतो, मलाही फांदी लावता येईल का आता? त्याला सांगितलं, तुझी टी बुजवून सहा वर्षं झाली, पार्कात दुसरी फेरी मारायला लाग.

रिटायर्ड_फिटर
हसलो. जन्मभर तपासणी तर जन्मभर. पोटावर हात ठेवून तर नाही ना ढेकर द्यावी लागत.

नवा_सभासद_औंध
सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या सासऱ्यांची डावी कॉमन इलियाक ३.१ सेंमी आहे, महाधमनी ३.८. आम्हाला कोणी काहीच करायला सांगितलेलं नाही. काळजी करू का?

आकडेमोड
दोन्ही आकडे रेषेच्या आत आहेत. ठरलेल्या तारखेला सोनोग्राफी, तंबाखू बंद, बीपी ताब्यात. ऑपरेशनची वेळ आली तर बघू.

औषधीवाला_अप्पा
आणि लिव्हो, सिप्रो डोळे मिटून घेऊ नका.

मिसळ_विदाउट_तर्री
अप्पा, बाकरवडी मिळाली का?

औषधीवाला_अप्पा
अर्धा किलो. दुकानातल्या पोरांनी संपवली.